माती, प्लास्टर, लगदा आणि तांबे: साहित्य हाताळण्याची वेळ कशी ओळखावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकमध्ये कला महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहात, पंचवटीत भाड्याच्या एका खोलीत राहता आणि या वर्षी चित्राच्या सपाट पृष्ठभागापासून दूर जाऊन त्रिमितीय साहित्यांवर काम करू पाहत आहात. आतापर्यंत तीन कामे केलीत आणि तिन्ही बिघडली. तारेच्या सांगाड्यावर केलेले दीड फुटी मातीचे मस्तक सुकताना मानेपाशी तडकले, प्लास्टरचा ठसा साच्यातून काढताना नाक साच्यातच राहिले आणि उरलेला पृष्ठभाग बोटाला पिठासारखा लागू लागला, आणि बोहाडा या आदिवासी मुखवटा-उत्सवातले मुखवटे पाहून जुलैमध्ये केलेला कागदाच्या लगद्याचा मुखवटा रंगवल्यानंतर पंधरा दिवसांत वाकडा होऊन त्याच्या आतून बुरशी आली. आपला हात या कामाला नाही का, एकच साहित्य धरून बसावे का, आणि तांबे व बांबू यांना आत्ताच हात घालावा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सुमारे तीस वर्षे याच शहरात शिल्पकाम करतो आणि त्यातली बरीच वर्षे विद्यार्थ्यांबरोबर काम केले आहे. तुमचे वर्णन वाचून माझे मत असे झाले की तिन्ही कामांत हाताचा दोष फार थोडा आहे, कारण मस्तक माने-खांद्यापर्यंत उभे राहिले, साचा बंद झाला आणि मुखवट्याला चेहरा आला. बिघडले ते पाण्याचे गणित. तिन्ही साहित्यांत पाणी असते, ते आपापल्या गतीने बाहेर पडते किंवा आत बांधले जाते, आणि त्या गतीशी तुमच्या कामाची गती जुळली नाही. प्रत्येक साहित्याची एक अवस्था अशी असते की तेव्हा ते हाताचे ऐकते. त्या अवस्थेच्या आधी घाई केली तरी काम फसते आणि ती निघून गेल्यावर जोर लावला तरी फसते. ती अवस्था डोळ्यांनी, कानांनी आणि कातडीने ओळखता येणे, यालाच मी तंत्र म्हणतो. हत्यारांची ओळख त्यानंतर येते.

मातीपासून सुरुवात करतो, कारण तिथला गैरसमज सर्वांत जास्त प्रचलित आहे. ओल्या मातीत अत्यंत सूक्ष्म, चपटे कण पाण्याच्या पातळ थरांवर एकमेकांवरून सरकत असतात, म्हणून ती दाबली तशी आकार घेते आणि घेतलेला आकार धरून ठेवते. पाणी उडून गेले की हे कण जवळ येतात आणि सगळा पिंड आकसतो. मातीनुसार हे आकसणे लांबीत साधारण ५ ते १० टक्के असते. तुमच्या मस्तकाच्या आत लोखंडी तार होती आणि तार आकसत नाही. बाहेरची माती लहान होऊ पाहत होती, आतली तार तिला तसे होऊ देत नव्हती, आणि सर्वांत कमी जाडीची जागा मान असल्यामुळे ती तिथे फाटली. याचा अर्थ असा की सांगाड्यावरचे मातीकाम हे साचा घेण्यासाठीच असते. ते साचा होईपर्यंत ओल्या फडक्याने आणि प्लास्टिकने झाकून ओले ठेवायचे असते, सुकवायचे नसते. जे काम सुकवून भाजायचे आहे ते पहिल्या दिवसापासून पोकळ बांधायचे, वळ्या रचून किंवा पाट लाटून, आणि भिंतीची जाडी शक्य तितकी सारखी, दोन सेंटिमीटरच्या आत ठेवायची. आधार हवाच असेल तर आत वर्तमानपत्राचा बोळा ठेवावा, कारण तो मातीबरोबर दबतो. पातळ भाग म्हणजे कान, नाक, मान हे आधी सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लास्टिक ठेवावे आणि जाड भाग उघडे ठेवावेत. उघडे ठेवायचे म्हणजे पंख्याखाली ठेवायचे नव्हे, कारण वारा एकाच बाजूने लागला की ती बाजू आधी आकसते आणि काम पिळते.

कोणती माती वापरलीत हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु नाशिकमधले विद्यार्थी बहुधा गणपतीच्या कारखान्यातून उरलेला शाडू आणतात किंवा मळ्यातली काळी माती आणतात. शाडू बारीक आणि देखणा असतो, पण तो न भाजता रंगवायच्या मूर्तीसाठीचा आहे. काळ्या मातीचे वागणे तुम्ही एप्रिल-मे महिन्यांत निफाडकडच्या रिकाम्या शेतात पाहिलेच असेल, तिथे हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. ही माती पाणी शोषून प्रचंड फुगते आणि ते सोडताना तितकीच आकसते, म्हणून एकट्या काळ्या मातीत शिल्प करणे मला योग्य वाटत नाही. आपल्या कुंभारवाड्यात जाऊन कुंभार मातीत काय मिसळतात ते नीट पाहा. राख, लीद, चाळलेली वाळू किंवा भुसा हे पदार्थ माती वाढवण्यासाठी मिसळत नाहीत. राख-वाळूमुळे आकसणे कमी होते, आणि लीद-भुसा भट्टीत जळून गेल्यावर जी सूक्ष्म छिद्रे राहतात त्यांतून वाफेला वाट मिळते. मडके चाकावरून उतरवल्यावर ते अर्धवट सुकू देऊन, आत दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत मोठे करतात, हेही लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. त्याच दिवशी ठोकले तर मडके बसते आणि दोन दिवसांनी ठोकले तर फुटते. माती चामड्यासारखी घट्ट झालेली असते ती मधली अवस्था कुंभार बोटाने दाबून ओळखतो, आणि कोरीवकाम, जोड देणे, आतून पोकळ करणे ही शिल्पातली बहुतेक महत्त्वाची कामे त्याच अवस्थेत करायची असतात.

भाजण्याविषयी एक अनुभव सांगतो, कारण त्याचे नुकसान दुसऱ्याला सोसावे लागले होते. शिकत असताना मी एक बसलेली आकृती एका कुंभाराच्या भट्टीत ठेवायला दिली. वरून ती पूर्ण कोरडी दिसत होती, पण तिच्या पायांच्या आतला भाग मी पोकळ केला नव्हता आणि तिथे ओल होती. त्या ओलीची वाफ झाली, आकृती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी शेजारची त्याची विक्रीची मडकी फोडली. तो काही बोलला नाही, मी पैसे भरून दिले, परंतु त्याची चार दिवसांची मेहनत मला भरून देता आली नाही. तेव्हापासून मी दोन कसोट्या पाळतो. पहिली, काम गालाला लावून पाहायचे. गार लागले तर आतून पाणी अजून उडत आहे. दुसरी, रोज त्याच वेळी काम वजनकाट्यावर ठेवून वजन लिहायचे आणि सलग तीन दिवस वजन बदलले नाही तरच भट्टीचा विचार करायचा. शंभर अंशांपर्यंत भट्टी अगदी मंद चढवावी. त्यानंतरही मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान बाहेर पडते आणि तेव्हाच ती पुन्हा चिखल न होणारी वस्तू बनते. ५७३ अंशांना मातीतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांचे आकारमान एकदम बदलते, म्हणून उतरतानाही घाई नको आणि भट्टी गरम असताना उघडू नये.

आता प्लास्टर. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम सुमारे १५० अंशांना तापवून त्यातले तीन चतुर्थांश पाणी काढून टाकलेली भुकटी. आपण पाणी घालतो तेव्हा ती आपले गमावलेले पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतत जातात, पदार्थ गरम होतो आणि किंचित फुगतो. माती पाणी सोडून घट्ट होते आणि प्लास्टर पाणी घेऊन घट्ट होते, हा फरक मनात पक्का असला की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. तुमचा पृष्ठभाग पिठासारखा झाला त्याची दोन कारणे संभवतात. एक तर पाणी जास्त झाले. एक किलो प्लास्टरला सुमारे ७०० मिलिलिटर पाणी हे सर्वसाधारण प्रमाण आहे, आणि अंदाजाने केलेले मिश्रण जवळजवळ नेहमी याहून पातळ होते. दुसरे म्हणजे पावसाळ्यात उघड्या पोत्यातले प्लास्टर हवेतली ओल घेऊन आधीच अर्धे मेलेले असते. त्याची परीक्षा सोपी आहे. वाटीभर कालवून पाहावे, अर्ध्या तासात ते हाताला ऊन लागले नाही आणि नखाने सहज ओरखडले गेले, तर ते पोते साच्याला वापरू नये.

कालवताना प्लास्टर पाण्यात घालावे, पाणी प्लास्टरवर ओतू नये. चाळल्यासारखे भुरभुरत जावे, पाण्यावर लहान बेटे दिसू लागली की थांबावे, एक-दोन मिनिटे हलवू नये आणि मग हात तळाशी ठेवून बुडबुडे न करता फिरवावे. मिश्रण दह्यासारखे होईपर्यंतची काही मिनिटे ओतण्याची असतात, पुढची थोडी मिनिटे फासण्याची असतात आणि त्यानंतर त्याला हात लावू नये. घट्ट होऊ लागलेल्या प्लास्टरमध्ये पाणी घालून ते परत पातळ करण्याचा मोह विद्यार्थ्यांना हमखास होतो. त्यामुळे गुंतू लागलेले स्फटिक तुटतात आणि मिळते ती केवळ भुकटी. वेळ वाढवायची असेल तर पाण्यातच सरसाचे काही थेंब आधी घालावेत. मीठ घातले तर उलट होते, प्लास्टर लवकर घट्ट होते. नाक साच्यात राहिले याचे कारण साबणाच्या पाण्याचा थर अपुरा पडला असावा किंवा नाकपुडीच्या आत साचा अडकला असावा. ओल्या मातीवरून साचा घेताना मातीतले पाणीच विलग ठेवते, परंतु प्लास्टरच्या साच्यात प्लास्टर ओतताना साबणाचा दाट थर तीन-चार वेळा लावून पुसावा लागतो. एकच प्रत हवी असेल तर फोडून काढायचा साचा करावा आणि त्याचा पहिला थर किंचित रंगवलेला ठेवावा, म्हणजे छिन्नीने फोडताना रंग दिसला की शिल्प जवळ आले हे कळते. हाताचा किंवा पायाचा ठसा घेण्यासाठी शरीर जाड प्लास्टरमध्ये बुडवू नका, कारण घट्ट होताना ते भाजण्याइतके तापते. उरलेले प्लास्टर मोरीत तर मुळीच ओतू नये. घरमालकाच्या नळ्या कायमच्या बंद होतील.

शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत केलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प प्लास्टरचे आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण प्लास्टर म्हणजे केवळ मधली पायरी, अशी समजूत आपल्याकडे आहे आणि त्यामुळे विद्यार्थी त्याच्या अंतिम पृष्ठभागाची काळजीच घेत नाहीत.

लगद्याच्या मुखवट्याबद्दल मला विशेष आस्था वाटते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार या पट्ट्यातला बोहाडा होळीनंतरच्या कोरड्या दिवसांत होतो. तुम्ही तेच काम जुलैच्या हवेत, बंद खोलीत केले आणि आतला थर ओला असतानाच बाहेरून तैलरंग दिला. तैलरंगाने बाहेरची वाट बंद झाली, पाणी आत कोंडले आणि खळ म्हणजे चिकटवण्यासाठी शिजवलेले पीठच असल्यामुळे बुरशीला अन्न मिळाले. बाहेरचा थर ताणलेला आणि आतला फुगलेला राहिल्यामुळे मुखवटा वाकला. लगदा एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड देऊ नये, प्रत्येक थर सुकल्याशिवाय पुढचा देऊ नये, आणि साच्यावरून उतरवल्यावर आतली बाजूही उघडी ठेवून सुकवावी. आपल्याकडे घरोघरी जुन्या कागदाचा लगदा मेथीच्या भिजवून वाटलेल्या पिठात मळून टोपल्यांवर लिंपत असत. मेथीचा चिकटपणा उत्तम असतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड दूर राहते. तुमच्या घरी आजी असतील तर त्यांना विचारा, प्रमाण त्यांच्या हाताला माहीत असेल. खळीत मोरचूद घालण्याचा जुना उपाय पुस्तक-बांधणीला ठीक आहे, पण मोरचूद विषारी असल्यामुळे चेहऱ्यावर घालायच्या मुखवट्यात तो घालू नये. पावसाळ्यात लगद्याचे काम करायचेच असेल तर ते लहान आकाराचे करा आणि रंग दिवाळीनंतर द्या.

इथे नाशिकच्या ऋतूंचा विचार करणे भाग आहे. मार्च ते मे या महिन्यांत इथली हवा इतकी कोरडी असते की मातीचे काम फडक्याने झाकले नाही तर दुपारभरात तडकते, मात्र लगदा, खळ आणि रंग यांना हाच काळ चांगला. पावसाळ्यात माती हळूहळू आणि सारखी सुकते, म्हणून मोठी पोकळ मातीकामे त्या दिवसांत बांधावीत आणि भाजायला दिवाळीनंतर न्यावीत. बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्यावा. तुमच्या वर्षभराच्या कामाचा क्रम या हवामानाप्रमाणे आखा. शिक्षकांनी दिलेल्या वेळापत्रकात तो बसत नसेल तर त्यांना कारणासह सांगा, शिल्प शिकवणारा माणूस हे कारण नक्की समजून घेईल.

तांबे सुरू करावे का, याचे माझे उत्तर होय असे आहे, आणि ते शिकण्यासाठी जुन्या नाशिकसारखी जागा दुसरीकडे सहज सापडणार नाही. तांबट गल्लीत आणि भांडीबाजाराच्या परिसरात पूर्वी दिवसभर ऐकू येणारा ठोक्यांचा आवाज आता विरळ झाला आहे, तरी काही घरांत काम चालू आहे. तांब्यात पाण्याच्या जागी उष्णता येते. पत्रा ठोकत गेले की त्याच्या स्फटिकरचनेत ताण साठतो आणि तो कडक होत जातो. पहिले घाव मऊ, बद्द आवाजात बसतात, पुढे आवाज चढत जातो आणि शेवटी तो टणटणीत झाला की पत्रा ऐकेनासा होतो. त्यानंतर ठोकले तर चीर जाते. त्या क्षणी थांबून पत्रा मंद लाल दिसेपर्यंत तापवायचा, म्हणजे ताण सुटतो आणि तो पुन्हा मऊ होतो. पोलाद तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते, परंतु तांबे पाण्यात बुडवले तरी मऊच राहते, म्हणून वेळ न घालवता ते गार करून लगेच काम पुढे नेता येते. वर आलेली काळी पापुद्र्यासारखी खपली चिंचेने निघते, हे आपल्या घरातले ज्ञान इथे जसेच्या तसे उपयोगी पडते. दोन तापवण्यांमध्ये किती घाव बसले हे मी सुरुवातीला मोजून लिहीत असे. वर्षभराने मोजण्याची गरज राहिली नाही, कान सांगू लागले.

तांबट भांड्यावर जे शेवटचे सारखे, जवळजवळ घाव घालतात त्याला मठारणे म्हणतात. त्या चमकत्या ठिपक्यांनी भांडे सुंदर दिसते म्हणून आपण त्यांना नक्षी समजतो. खरे तर त्या घावांनी भांड्याच्या भिंतीला शेवटचा कडकपणा येतो, आणि म्हणूनच पातळ पत्र्याचा हंडा पाण्याने भरल्यावर वाकत नाही. शिल्पातही हा उपयोग करून घ्यावा. आधी आकार, मग सगळीकडे मठार, म्हणजे आतल्या आधाराशिवाय पत्रा उभा राहतो. उठावाचे काम करायचे असेल तर राळ, विटांची भुकटी आणि थोडे तेल एकत्र वितळवून पाट तयार करतात आणि पत्रा त्यावर चिकटवून मागून ठोकतात. राळ पुरेशी मऊ असल्यामुळे पत्रा आत जातो आणि पुरेशी घट्ट असल्यामुळे शेजारचा भाग जागेवर राहतो. सुरुवातीला सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा, वीतभर चौरस पत्रा पुरेसा आहे. तांबे महाग आहे, म्हणून भंगारातल्या जुन्या बंबाचा किंवा घंगाळाचा पत्रा वजनावर मिळाला तर घ्यावा. त्यावर कल्हई असेल तर ती तापवताना वितळते, त्यामुळे तो भाग आधी घासून घ्यावा किंवा कापून टाकावा. तापवण्याचे काम खोलीत करू नका.

कारागिराकडे कसे जावे हेही सांगतो, कारण यात आपल्या विद्यार्थ्यांकडून चुका होतात. पहिल्या भेटीत मोबाइल बाहेर काढू नये. कामाच्या वेळेत गेलात तर त्यांचा तास जातो, त्या तासाचे पैसे विचारून द्यावेत. ते संकोचतील, तरी द्यावेत. आपण सकाळी जाऊन झाडलोट करणे, भाता किंवा पंखा चालवणे, पत्रा धरणे अशी कामे मागून घेतली तर आठ दिवसांत जे दिसते ते प्रश्न विचारून महिनाभरात कळत नाही. पुढे प्रदर्शनात काम मांडताना त्यांची परवानगी असेल तर शिकवणारा म्हणून त्यांचे नाव फलकावर लिहावे. शिल्पकार मीरा मुखर्जी बस्तरमध्ये ढोकरा, म्हणजे मेणाच्या आकृतीवरून धातूचे ओतकाम करणाऱ्या कारागिरांकडे जाऊन शिकल्या आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या ब्राँझकामावर त्या शिकण्याचा ठसा आहे.

बांबूविषयी थोडक्यात सांगतो. बांबूच्या आत पिष्ट असते आणि ते खायला भुंगा येतो, म्हणून कामट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात काही दिवस भिजवून सावलीत वाळवाव्यात. वाकवताना त्या ओल्या असाव्यात. सुरगाणा-पेठकडच्या बाजारांत सूप, टोपल्या आणि धान्य साठवायच्या कणग्या मिळतात, त्यांतली एक कणगी बारकाईने पाहा. आत विणलेला सांगाडा, बाहेरून शेण-मातीचा लेप, आणि तरीही लेपाला मोठी भेग नाही, कारण सांगाडा स्वतः लवचीक आहे आणि लेपात शेणातले गवताचे तंतू आहेत. तुमच्या मस्तकाच्या मानेचे उत्तर त्या कणगीत आहे. बांबूच्या जोडीने आणखी एक साहित्य सुचवतो, ते नाशिकमध्ये जवळजवळ फुकट आहे आणि विद्यार्थी त्याकडे पाहत नाहीत. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. त्या हिरव्या असताना पिळता आणि गुंफता येतात, काही आठवड्यांत कडक होतात आणि दिलेले वळण कायम राहते. मंडपाच्या जुन्या तारा आणि अँगलही मोडलेल्या बागेत मिळतात. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांनी तागासारख्या दोरांच्या केवळ गाठी मारत माणसाहून उंच शिल्पे उभी केली, त्यामुळे तंतूंचे काम हे शोभेपुरते असते असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नका.

दगड आणि लाकूड या वर्षी मोठ्या प्रमाणावर करू नका. कोरून काढण्याचा, म्हणजे उणे करत जाण्याचा अनुभव हवा असेल तर बांधकामाचा सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा घ्या, तो जुन्या कानशीने आणि पटाशीने सहज कोरला जातो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे ठोकळा ओला ठेवावा आणि चांगला मास्क लावावा. लाकडात शिवण हे कोरायला मऊ आणि सरळ आहे. मात्र आपल्या बेसॉल्टशी पहिली गाठ हत्याराने पडण्याऐवजी डोळ्यांनी पडावी असे मला वाटते, आणि त्यासाठी पांडवलेणी पुरेशी आहेत. लेणे क्रमांक ३ च्या ओसरीखाली तुळया खांद्यावर पेललेल्या सहा यक्षाकृती जमिनीतून अर्ध्या वर आलेल्या आहेत, भार दगडात कसा दाखवावा हे तिथे कळते. त्यानंतर क्रमांक १ पाहा. त्याचा बहुतेक भाग अपुरा राहिला आहे, आणि म्हणूनच टाकीचे घाव कोणत्या दिशेने पडले हे तिथे वाचता येते. सकाळी तिरपे ऊन असताना जा आणि फोटोऐवजी कोळशाने कागदावर ठसे घासू नका, केवळ रेखाटने करा. ते संरक्षित स्मारक आहे.

फायबरग्लास आणि रेझिन यांविषयी तुम्ही शेवटी एका ओळीत विचारले आहे. भाड्याच्या खोलीत ते करू नका. त्याचा वास म्हणजे श्वासातून जाणारे विषारी द्रव्य असते, आणि रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात घालायची कोबाल्ट व कॅटलिस्ट ही दोन द्रव्ये चुकून थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. महाविद्यालयाच्या उघड्या शेडमध्ये, जाणकारासमोर करावे. बाहेर ठेवायचे शिल्प स्वस्तात हवे असेल तर सिमेंट आहे. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनमध्ये १९३८ साली ‘संथाळ कुटुंब’ हे समूहशिल्प लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि जांभ्याच्या खड्यांत उभे केले. सिमेंटला आठवडाभर तरी पाणी मारत राहावे लागते आणि ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये, एवढे लक्षात ठेवा.

एकच साहित्य धरावे का, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. या टप्प्यावर धरू नका, परंतु आकार एकच धरा. दोन मुठींएवढा एखादा साधा आकार निवडा, उदाहरणार्थ कणगीचा, आणि तोच मातीत पोकळ बांधा, प्लास्टरमध्ये ओता, लगद्यात लिंपा, काड्यांत गुंफा, तांब्यात ठोका आणि सिपोरेक्समध्ये कोरा. विषय बदलत राहिला तर बिघाड कल्पनेत होता की साहित्यात, हे कधीच कळत नाही. आकार तोच ठेवला की प्रत्येक साहित्य त्याला कुठे विरोध करते आणि कुठे त्याच्यात नवे काही आणते, ते स्पष्ट दिसते. एका वहीत तारीख, हवा, मिश्रणाचे वजन, लागलेली मिनिटे आणि झालेली चूक लिहीत जा. वर्षाच्या शेवटी या सहा वस्तू आणि ती वही परीक्षकांसमोर ठेवा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, शिल्पकाम, छायाचित्रण असे एकामागून एक हाताळत गेले, आणि चित्रपट करताना त्यांना यातले काही वाया गेले असे झाले नाही.

या आठवड्यात करण्यासारखे काम असे आहे. मिळेल तितक्या प्रकारच्या मातीच्या, शाडू, कुंभाराची माती, काळी माती, काळी माती आणि राख, प्रत्येकी एक पट्टी लाटा आणि ती ओली असताना तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटर लांबीची रेघ ओढा. पूर्ण सुकल्यावर रेघ मोजा, जितके मिलिमीटर कमी भरतील तितके टक्के ती माती आकसते. तडकलेले मस्तक फेकू नका. न भाजलेली माती कितीही वेळा परत वापरता येते. ते सांगाड्यावरून उतरवून फोडा, तुकडे आधी उन्हात ठणठणीत वाळवा, कारण अर्धओली ढेकळे पाण्यात नीट विरघळत नाहीत, आणि मग बादलीत बुडवून दोन दिवस न ढवळता ठेवा. वरचे पाणी ओतून उरलेला चिखल पसरायला प्लास्टरचा एक सपाट पाट ओतून घ्या, तो पाणी ओढून घेतो. तुमचा पिठूळ झालेला ठसा मात्र त्यासाठी वापरू नका, त्याचे कण मातीत मिसळले तर भाजलेल्या वस्तूवर महिन्याभराने पापुद्रे उडतात.